ग्राहक सेवेचा खोटा क्रमांक आणि माझे ८४,८७८ रुपये

मुलीचा गेमचा आयडी हॅक झाला आणि त्यात टॉप-अप करून ठेवलेले ४,२९९ रुपयांचे कॉइन गेले. ते परत मिळावेत म्हणून मी गेम कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, निदान मला तसे वाटले. प्रत्यक्षात तो फोन चोरांनाच लागला होता आणि त्याच दुपारी माझ्या बचत खात्यातून ८४,८७८ रुपये गेले. मी हिशेबाच्या कामात आयुष्य घालवलेली बाई आहे, त्यामुळे हे जाहीरपणे लिहिताना मला लाज वाटते. पण लाजेपोटी गप्प बसलेल्या माणसांवरच हा धंदा चालतो. मला दिलेला तो क्रमांक अजूनही त्या गेमच्या नावाने शोधले की दिसतो, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

आयडी कसा गेला ते थोडक्यात सांगते, कारण तो प्रकार आता बहुतेकांना ठाऊक आहे. मुलीच्या ओळखीच्या एका खेळाडूच्या खात्यावरून ‘स्पर्धेत आमच्या संघाला मत दे’ असा संदेश आला. सोबतच्या लिंकवर हुबेहूब लॉगिनचे पान होते. त्यात पासवर्ड टाकताच आयडी दुसऱ्याच्या हाती गेला आणि थोड्याच वेळात त्याला जोडलेला ई-मेलही बदलला गेला. त्या खेळाडूचे खाते आधीच चोरीला गेलेले होते. ओळखीच्या नावाने आलेली लिंकही लॉगिन मागत असेल, तर त्या माणसाला आधी फोन करून विचारा. आयडी मुलगी लहान असताना माझ्याच ई-मेलवर काढलेला होता, म्हणून तक्रारीचे काम माझ्याकडे आले.

आता या कंपनीची रीत पाहा. पैसे घेण्यासाठी तिच्याकडे यूपीआय आहे, कार्ड आहे, वॉलेट आहे, सगळे आहे. पण तक्रार करायला फोन नाही. एक अर्ज आहे, तो भरला की यंत्राने लिहिलेले उत्तर येते, आणि त्या उत्तरात पुन्हा त्याच अर्जाची लिंक असते. कंटाळून मी कंपनीच्या अधिकृत पानावर मुलीच्या आयडीसह जाहीर तक्रार लिहिली. काही वेळातच कंपनीचे बोधचिन्ह असलेल्या एका खात्यावरून दिलगिरीचा संदेश आला आणि त्यात ग्राहक सेवेचा क्रमांक होता. त्यावर मी आंधळेपणाने विश्वास ठेवलेला नाही. गेमचे नाव आणि ‘ग्राहक सेवा’ हे शब्द टाकून मी शोधले, तर तोच क्रमांक सर्वांत वर, जाहिरात म्हणून दिसला. जे सामान्य माणसाच्या हातात असते ती पडताळणी मी केली होती. चोराने खोटे खातेही काढले होते आणि पैसे भरून जाहिरातही लावली होती, आणि त्या जाहिरातीचे पैसे ज्यांनी घेतले त्यांनी जाहिरातदार कोण आहे हे पाहिले नव्हते. अशा तक्रारीत आयडी, मोबाइल क्रमांक, ऑर्डर क्रमांक काहीही जाहीर लिहू नका. चोर अशा तक्रारींवरच टपून असतात.

फोनवरचा माणूस आधी हिंदीत बोलत होता. मी मराठीत बोलू लागताच तोही मराठीत बोलू लागला, आणि स्वच्छ मराठीत. मुलीचा आयडी त्याने स्वतःहून सांगितला, जो अर्थातच माझ्याच तक्रारीत होता. “ताई, तुमचा रिफंड मंजूर आहे, फक्त पडताळणी राहिली आहे, मी लाइनवरच आहे,” असे तो म्हणाला. मग व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय थेट ॲप टाकण्याची फाइल, आली. तिला त्याने ‘सपोर्ट ॲप’ म्हटले. इन्स्टॉल करताना तिने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, आणि आजकाल प्रत्येकच ॲप काहीतरी परवानगी मागत असल्याने ते वेगळे वाटले नाही. आतमध्ये नोंदणीचे ५ रुपये भरण्यासाठी डेबिट कार्डाचा अर्ज होता. ५ रुपये गेले, पावती आली, आणि सगळे व्यवस्थित चालले आहे असे वाटले. ते ५ रुपये त्याला पैशांसाठी नको होतेच. त्या निमित्ताने कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही माझ्याकडूनच टाइप करून घेतला गेला, आणि एसएमएसची परवानगी मिळाल्याने पुढचा प्रत्येक ओटीपी माझ्याआधी त्याच्याकडे पोहोचणार होता. प्ले स्टोअरच्या बाहेरून, फोनवर बोलणाऱ्या माणसाने पाठवलेले कोणतेही ॲप टाकू नका, मग तो बँकेचा असो, कंपनीचा असो की सरकारचा.

त्यानंतर जे घडले त्याचा विचार केल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही. त्याने मला यूपीआय ॲप उघडायला लावले आणि एक यूपीआय आयडी टाकायला सांगितला. पुढे म्हणाला, “आता तुमचा टोकन क्रमांक टाका, एक नऊ आठ सात चार.” तो आकडा रकमेच्या चौकटीत लिहायचा होता. चौकटीआधी रुपयाचे चिन्ह होते. ‘टोकन’ हा शब्द तो इतक्या सहजपणे आणि इतक्यांदा बोलला होता की १९८७४ हा आकडा मला रक्कम म्हणून दिसलाच नाही. पुढच्या पानावर पिन मागितला गेला, आणि त्याच पानावर वर पैसे घेणाऱ्याचे नाव होते. ते कंपनीचे नव्हते, कोणा एका व्यक्तीचे होते. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही, पिन देण्यासाठी लागतो, हे मला ठाऊक होते. घरात इतरांना मीच ते सांगितलेले आहे. ज्यांना हे अशक्य वाटते त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की स्पीकरवर एक माणूस अखंड बोलत असताना, “लवकर करा, सेशन संपेल” असे बजावत असताना, डोळ्यांसमोरचे अक्षर वाचायला लागणारे दोन सेकंद तो तुम्हाला मिळूच देत नाही. त्याचे सगळे कसब त्या दोन सेकंदांत आहे. पिनचे पान आले की आधी फोन कट करा, मग नाव वाचा. १९,८७४ रुपये गेले.

मी ओरडले, तर तो शांतपणे म्हणाला की चुकून कापले गेले असतील, रिफंडबरोबर एकत्र येतील. त्याचे बोलणे चालू असतानाच ई-मेलवर बँकेची सूचना आली : डेबिट कार्डावरून २४,९९९ रुपयांची खरेदी. या व्यवहारात मी काहीही टाकले नव्हते, कोणाला ओटीपी सांगितला नव्हता, आणि फोनच्या इनबॉक्समध्ये तो ओटीपी आलेला दिसतही नव्हता. मी फोन तोडला आणि बँकेच्या ग्राहक क्रमांकावर लावला. तिथल्या ध्वनिमुद्रित आवाजाने मला आधी कर्जाची योजना ऐकवली, मग भाषा निवडायला लावली, मग कार्डाचे सोळा अंक टाकायला लावले. माणूस लाइनवर येईपर्यंत आणखी ४०,००० रुपये गेले होते. ५, १९,८७४, २४,९९९ आणि ४०,००० अशी ती बेरीज आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर कोणाच्या लाइनवर थांबण्यापूर्वी मोबाइलचा डेटा बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून कार्ड ब्लॉक करा.

बँकेने आठवड्यांनंतर दोन ओळींचे पत्र दिले, की सर्व व्यवहार पिन आणि ओटीपीने अधिकृत झालेले असल्यामुळे जबाबदारी ग्राहकाची आहे. ते पत्र वाचून माझा जो संताप झाला तो अजून उतरलेला नाही. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक याच विषयावर आहे आणि ते मी शब्दन् शब्द वाचले आहे. त्यात ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान तो बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाचे, पण कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे, असे स्पष्ट लिहिले आहे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, असेही त्यात आहे. व्यवहाराच्या सूचनेला थेट उत्तर देऊन हरकत नोंदवता आली पाहिजे, संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर तक्रारीची लिंक असली पाहिजे आणि कळवल्याची वेळ यंत्रणेत नोंदली गेली पाहिजे, हेही बँकेवर बंधनकारक केलेले आहे. मला आलेल्या ई-मेलला उत्तर पाठवले तर ते परत आले, कारण तो पत्ता उत्तरे स्वीकारत नाही. मग ४०,००० रुपये गेले तेव्हा मी बँकेच्याच लाइनवर होते, त्याचे काय? बँक म्हणते, तक्रार क्रमांक तयार झाला ती वेळ धरायची. म्हणजे बँकेने जितका वेळ लाइनवर ताटकळत ठेवावे, तितके नुकसान ग्राहकाच्या माथी! कॉल लागल्याची वेळ मोबाइलच्या नोंदीत असते. तिचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा.

१९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मी त्याच संध्याकाळी तक्रार दिली आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर सर्व व्यवहारांचे यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेले ओळख क्रमांक, भरले. त्यामुळे पैसे ज्या खात्यांतून पुढे फिरवले गेले त्यांपैकी एका म्यूल खात्यात, म्हणजे चोरीचे पैसे फिरवण्यासाठी वापरलेल्या दुसऱ्याच्या खात्यात, ११,३२० रुपये होल्ड झाले, म्हणजे अडवून ठेवले गेले. बाकीचे तोवर काढून घेतलेले होते. १९३० ला पहिल्या तासात कळवा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायला मिनिटेच लागतात. पण होल्ड झालेले पैसेही माझ्याकडे आलेले नाहीत. त्या खात्याच्या बँकेने सांगितले, न्यायालयाचा आदेश आणा. आदेश मिळवायचा म्हणून मी गुन्हा नोंदवायला गेले, तर तो नोंदवून घ्यायला कोणी तयार नव्हते.

पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की हे सायबर विभागाचे काम आहे. सायबर विभागाने सांगितले की रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. पुन्हा ठाण्यात गेले तर निरीक्षक साहेब बाहेर आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार अशा गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, हे खरे आहे. पण तपास कोणी करायचा हा एक प्रश्न आणि फिर्याद लिहून घ्यायची की नाही हा दुसरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याने नोंदवून घ्यायची आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड चा, म्हणजे तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणूक करण्याच्या गुन्ह्याच्या कलमाचा, उल्लेख केला तेव्हा माझ्याकडे असे पाहिले गेले की जणू मीच काही गैर केले आहे. एका कर्मचाऱ्याने तर विचारले, “ऑनलाइन गेमवर बंदी आली ना, मग खेळता कशाला?” २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर बंदी घातली आहे, ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ मनोरंजनाच्या गेमवर नाही. आमच्या मुलीचा गेम त्या दुसऱ्या प्रकारातला होता. कायदा ठाऊक नसलेल्या माणसाने तक्रारदारालाच आरोपीच्या जागी उभे करावे, आणि तेही सर्वांसमोर, याची मला चोरीपेक्षा जास्त चीड आली. शेवटी लेखी अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवल्यावर गुन्हा नोंदला गेला. तोंडी विनवण्या करण्यात वेळ घालवू नका; अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

गेम कंपनीने काय केले तेही सांगायला हवे. ‘संशयास्पद हालचाल’ असे कारण देऊन आयडी कायमचा बंद केला आणि अटींकडे बोट दाखवले. त्या अटींनुसार खाते आणि कॉइन आपल्या मालकीचे नसतात, ते वापरण्याची फक्त परवानगी असते. पैसे घेताना ‘खरेदी’ म्हणायचे आणि चोरी झाली की ‘परवानगी’ म्हणायचे, हा अन्याय आहे. कंपनीने एक फोन क्रमांक ठेवला असता, तर खोट्या क्रमांकाला गिऱ्हाईकच मिळाले नसते.

अशा चर्चांत नेहमी कोणीतरी म्हणते की लोक लोभापायी फसतात. मला कोणते बक्षीस नको होते, दुप्पट परतावा नको होता. मी माझेच ४,२९९ रुपये मागत होते, आणि स्वतःच्या पैशांची मागणी करणारा माणूस या चोरांना लोभी माणसापेक्षा सोपा जातो, कारण त्याला आपण बरोबर आहोत याची खात्री असते. लोक लोभापायी फसतात असे म्हणणाऱ्यांनी एकदा चोरांची तयारी पाहावी.

बँकेने ‘ग्राहक जबाबदार’ असे पत्र दिले म्हणून तिथे थांबू नका. माझे प्रकरण मी रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या व्यवस्थेकडे, दाखल केले आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर तिथे शुल्क न भरता दाद मागता येते. तक्रारीत प्रत्येक व्यवहार वेगळा लिहा. माझ्या तक्रारीत १९,८७४ रुपयांचा यूपीआय व्यवहार एका परिच्छेदात आहे, ओटीपी न देता गेलेले २४,९९९ रुपये दुसऱ्यात, आणि बँकेच्या लाइनवर असताना गेलेले ४०,००० रुपये तिसऱ्या परिच्छेदात, कॉलच्या नोंदीसह आहेत. बँक मुद्दाम तिन्हींना एकत्र बांधून एकच उत्तर देते. ते एकत्र बांधू देऊ नका.