1986 ची वेस्टफालिया जोकर: आठ महिने वापरल्यानंतर

मार्चमध्ये जुनी फोक्सवॅगन टी-3 घेतली, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली व्हॅन. आतलं काम वेस्टफालिया कंपनीचं, या मॉडेलचं नाव जोकर. तेव्हापासून नऊ हजार किलोमीटर झाले. इथे जर्मनीत आपली बरीच मंडळी अशी गाडी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

पैसे खरे वसूल होतात ते आतल्या लाकडी कामात. वेस्टफालिया म्हणजे वीडनब्रुक गावात 1844 साली सुरू झालेली लोहारशाळा. आधी घोडागाड्या केल्या, मग ट्रेलर. 1951 मध्ये इथे नेमणुकीवर असलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्यासाठी त्यांनी फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये राहण्याची सोय केली. त्यातून आली ‘कॅम्पिंग बॉक्स’: आठवडाभर गाडी धंद्याला, शनिवारी सामान आत सरकवलं की बिऱ्हाड तयार! जोकरमध्ये सगळं कायमचं बसवलेलं, पण जागेची तीच काटकसर. लांबी साडेचार मीटर, म्हणजे इनोव्हापेक्षाही आखूड. तेवढ्यात ओटा, सिंक, फ्रिज, कपाटं आणि चौघांची झोपायची जागा. आई तीन महिने आली होती, तिचे गुडघे दुखतात. ती खाली झोपायची, लेक वर छतातल्या माडीवर. सकाळी आईने बसल्या जागेवरून पोह्यांना फोडणी दिली, एकदाही उठावं लागलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी हे हाताच्या अंतराने मोजून ठेवलंय, आणि मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

एका मुक्कामी शेजारी इंग्लंडची डॉर्मोबाइल होती, अशीच राहायची व्हॅन, फोकस्टोनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीची. तिचं पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं छत कडेच्या बिजागरीवर उघडतं. देखणं आहे. आमचं छत मागे जोडलेलं, पुढून उचलायचं. मला तेच सोपं वाटतं.

आता त्रास. 78 अश्वशक्तीत चढावर ट्रकमागेच राहावं लागतं, आणि शंभर किलोमीटरला तेरा लिटर पेट्रोल लागतं. गॅसवर चालणारा फ्रिज गाडी समतल उभी नसेल तर गार होत नाही. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मधे लांबलचक पाइप. एका गॅरेजने कूलंट बदलताना आतली हवा नीट काढली नाही आणि ब्लॅक फॉरेस्टच्या घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला. हवा काढायची पद्धत माहीत असलेलाच मेकॅनिक शोधा. तीस वर्षांवरच्या गाडीला ‘एच’ (ऐतिहासिक गाडीची) नंबरप्लेट मिळाली की कर मात्र वर्षाला 191 युरोच.

घेताना रंगाला भुलू नका. ओट्यामागे टॉर्च मारा, पत्र्याच्या जोडांवर बोट फिरवा. गंज तिथे सापडतो.