आरटीएल-एसडीआर व्ही३ डोंगल: शिकवायला फर्स्टक्लास, साक्षीला नको

भाचा यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसची तयारी करतोय. डोळा इंडियन रेडिओ रेग्युलेटरी सर्व्हिसवर. माझी नोकरी सरकारी वायरलेस मॉनिटरिंगमध्ये गेली, त्यामुळे पुस्तकांची यादी मागायला आला. मी म्हटलं, आधी हा आरटीएल-एसडीआर डोंगल घे, कॉम्प्युटरला लावायचा रेडिओ रिसीव्हर.

पेनड्राइव्हपेक्षा थोडा मोठा, अ‍ॅल्युमिनियमच्या डबीतला. आतली रियलटेकची चिप मुळात यूएसबीवर टीव्ही दाखवण्यासाठी बनलेली. २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींनी तिचा रेडिओ करून टाकला. साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ पकडतो. विंडोजवर झाडिग नावाच्या प्रोग्रामने ड्रायव्हर बदलावा लागतो, तिथे नवखा माणूस हमखास अडतो. पुढे एसडीआर शार्प हे सॉफ्टवेअर उघडलं की एफएमची स्टेशनं पडद्यावर उभी राहतात.

आता खरी गंमत. दोन दिवसांत भाच्याचा फोन: “मामा, विमानांच्या बँडमध्ये कुणीतरी गाणी लावतंय!” म्हटलं, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) कमी कर. गाणी गायब. जवळच्या एफएमच्या दणक्याने सिग्नल ८ बिटांतच मोजणारं हे यंत्र गुदमरतं आणि नसलेली स्टेशनं दाखवायला लागतं. पडद्यावर मधोमध दिसणारी रेघही यंत्राचीच. मॉनिटरिंगच्या नोकरीतला निम्मा शहाणपणा हाच: तक्रार लिहिण्याआधी स्वतःच्या रिसीव्हरवर संशय घ्यायचा. त्याच आठवड्यात त्याने घरातला एक स्वस्तातला एलईडी दिवा पकडला, चालू केला की अख्ख्या बँडभर खरखर. तो मात्र खरा गुन्हेगार निघाला.

मर्यादा मोठ्या आहेत. एका वेळी जेमतेम २.४ मेगाहर्ट्झ दिसतं, म्हणजे ५ मेगाहर्ट्झचा फोर-जी कॅरियर (सिग्नलचा पट्टा) सुद्धा पुरता मावत नाही. मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झ बँडमध्ये टॉवरकडून मोबाइलकडे येणारी बाजू १८०५ ला सुरू होते, ती थोडक्यात हुकते. २०२२ च्या स्पेक्ट्रम (मोबाइल लहरींच्या) लिलावात सरकारला दीड लाख कोटींच्या बोली मिळाल्या. त्यातले ३३०० मेगाहर्ट्झ आणि २६ गिगाहर्ट्झ याच्या आवाक्याबाहेर. ७०० चा बँड मात्र बघता येतो. सिग्नलची ताकद डेसिबलमध्ये दाखवतो, पण कॅलिब्रेशन (प्रमाणित मापाशी जुळवणी) नाही, म्हणून ते आकडे कुठल्याही अहवालात टाकू नका. फ्रिक्वेन्सी मात्र छान धरतो. फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर १ पीपीएमचा (दहा लाखांत एक) आहे, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला साधारण शंभर हर्ट्झ इकडेतिकडे. डबी तापते, तापू द्या.

एफएम ऐका, हॅमवाल्यांचं (हौशी रेडिओवाल्यांचं) १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ ऐका, ८६५ ते ८६८ च्या विनापरवाना पट्ट्यातली लगबग बघा. पोलिसांचं किंवा दुसऱ्या कुणाचं खाजगी बोलणं ऐकायला जाऊ नका, ते कायद्यात बसत नाही. आणि ही नोकरी हवी असेल तर मुळीच नको.

नकली माल बाजारात भरपूर आहे, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. डायपोल (दोन दांड्यांचा) अँटेना असलेला संच घ्या, नुसता डोंगल नको. पाचपैकी चार.