शाम्पू आणि कंडिशनरसाठी ‘एकच यंत्र’: आमची फसवणूक कशी झाली

शाम्पू आणि कंडिशनर दोन्ही एकाच यंत्रात उत्तम होतात, असे सांगून कोणी मिक्सिंगचे यंत्र विकायला आले, तर त्याला पैसे देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा. अशा एका यंत्रात आमचे ४२,००० रुपये अडकले आहेत. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण याच पद्धतीने तो इतरांकडेही जात असणार.

मी आणि माझ्या जाऊबाई कोल्हापुरात रिठा आणि शिकेकाईचा काढा घातलेला शाम्पू पूर्वी घरापुरताच करत होतो. मागणी वाढली तेव्हा दहा लिटरचा घाणा एका वेळी काढता येईल असे यंत्र आम्ही शोधू लागलो. लघुउद्योगांच्या यंत्रांच्या एका प्रदर्शनात हा विक्रेता भेटला. त्याच्या गुळगुळीत माहितीपत्रकावर ‘होमोजिनायझर, १०,००० आरपीएम, एक अश्वशक्ती, ३१६ ग्रेड स्टील’ असे ठळक छापलेले होते, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव करणारे, मिनिटाला दहा हजार फेऱ्या घेणारे, भारीतल्या स्टेनलेस स्टीलचे यंत्र. “ताई, यात एकदा फिरवलं की प्रिझर्व्हेटिव्हसुद्धा लागत नाही,” हे वाक्य तो प्रत्येक ग्राहकाला ऐकवत होता. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे मिश्रणात जंतू वाढू न देणारा घटक. यंत्राने मिश्रण कितीही बारीक केले तरी त्यातले जंतू मरत नाहीत आणि पाणी असलेल्या कोणत्याही मिश्रणात, विशेषतः वनस्पतींचा काढा असलेल्या शाम्पूत, बुरशी व जिवाणू वाढतातच. सोडियम बेंझोएटसारखे साधे प्रिझर्व्हेटिव्हसुद्धा मिश्रण पुरेसे आम्ल असेल, म्हणजे पीएच साधारण ५ किंवा त्याखाली असेल, तरच नीट काम करते. ज्या विक्रेत्याला हे माहीत नाही तो अडाणी आणि ज्याला माहीत असूनही तो उलटे सांगतो तो लबाड. आमचा दुसऱ्या प्रकारचा होता, हे पुढे उघड झाले.

त्याचे प्रात्यक्षिक डोळ्यांत भरणारे होते. गरम पाण्यात पांढऱ्या वड्यांसारखा ‘कंडिशनर बेस’ टाकला, यंत्र चालू केले आणि दोन-तीन मिनिटांत साय दिसावी तसे दाट, चकचकीत मिश्रण तयार झाले. मेख त्या बेसमध्ये होती. त्यात तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक आणि सिटोस्टिअरिल अल्कोहोल हा दाटपणा देणारा मेणासारखा पदार्थ आधीच मिसळलेले होते. अशा बेसला फारशी घुसळण लागतच नाही. नंतर आम्ही तोच बेस ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात टाकून घरातल्या ताकाच्या रवीने घुसळला, तेव्हाही तितकेच सुरेख कंडिशनर झाले. म्हणजे त्या दिवशी स्टॉलवर जमलेल्या सगळ्यांनी बेसचा गुण पाहिला आणि पैसे यंत्राचे मोजले.

खरी परीक्षा आमच्या स्वतःच्या कृतीत झाली. त्यात खोबरेल तेलाचे प्रमाण जास्त होते, आणि असे तेल पाण्यात टिकून राहायला त्याचे थेंब फार बारीक व्हावे लागतात. हे काम करणाऱ्या खऱ्या होमोजिनायझरमध्ये आतले पाते वेगाने फिरते, त्याभोवतीचे खाचा असलेले कडे स्थिर असते आणि दोघांमधली फट मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते. त्या फटीतून रेटले जाताना तेलाचा थेंब फाटतो. आमच्या यंत्राचे टोक उघडले तर आत भोके पाडलेली एक वाटी आणि घरच्या मिक्सरला असते तसले पाते होते, आणि दोघांमध्ये पेन्सिल सहज फिरेल एवढे अंतर होते. त्यात केलेल्या कंडिशनरवर थोड्याच दिवसांत तेलाचे डोळे दिसू लागले, आणि बाटलीच्या तळाशी पाणी सुटले.

शाम्पूची तऱ्हा तर याहून वाईट झाली, आणि येथेच ‘एकच यंत्र’ या दाव्याचा खोटेपणा सर्वांत स्पष्ट दिसतो. सोडियम लॉरेथ सल्फेट आणि कोकामिडोप्रोपिल बीटेन हे शाम्पूतले फेस करणारे घटक पाण्यात आपसूक विरघळतात. त्यांना फाडण्याची गरज नसते, हवा न मिसळता सावकाश ढवळण्याची असते. त्यांना जोरात फिरवले की मधोमध भोवरा पडून हवा आत ओढली जाते आणि अर्धे भांडे फेसाने भरते. त्यात रिठा असला तर विचारूच नये. तो फेस बसायला रात्र जाते, तोवर मिश्रण नेमके किती आहे आणि किती दाट आहे हे कळत नाही. विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने “मीठ वाढवा, घट्ट होईल” असा सल्ला दिला. मिठाने असा शाम्पू घट्ट होतो हे खरे, पण एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की तोच शाम्पू उलट पातळ होतो आणि आणखी मीठ घालून परत घट्ट होत नाही. आमचा तो सगळा घाणा मोरीत गेला.

यानंतर आम्ही यंत्राकडे बारकाईने पाहायला लागलो. वाफेने मोटारीवरचा कंपनीचा स्टिकर सुटत आला होता. तो पूर्ण काढला तर खाली मूळ धातूची पट्टी निघाली आणि तिच्यावर पाव अश्वशक्ती, १४०० आरपीएम असे कोरलेले होते. येथे एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर थेट चालणारी इंडक्शन मोटार मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या पुढे जाऊच शकत नाही. त्याहून अधिक वेग हवा असेल तर पट्टा, गिअर किंवा वेग बदलणारे ड्राइव्ह लागते, नाहीतर कार्बन ब्रशची मोटार लागते. यंत्रात यांपैकी काहीही नसताना दहा हजारांचा आकडा छापलेला असेल, तर तो खोटाच समजावा. शिवाय नुसत्या आरपीएमने काही ठरत नाही, पात्याच्या टोकाचा वेग पाहावा लागतो. ५० मिलिमीटर व्यासाचे पाते १४०० आरपीएमने फिरले तर टोकाचा वेग सेकंदाला साडेतीन मीटरांच्या आसपास येतो. ३० मिलिमीटरचे पाते खरोखर १०,००० आरपीएमने फिरले तर तोच पंधरा मीटरांच्या पुढे जातो.

स्टीलबाबतची चलाखी अधिक सफाईदार होती. विक्रेत्याने खिशातून लोहचुंबक काढून भांड्याला लावला, तो चिकटला नाही, आणि “बघा, अस्सल ३१६” असे तो म्हणाला. पण चुंबक ३०४ या ग्रेडच्या स्टीलला चिकटत नाही आणि स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चिकटत नाही, त्यामुळे या चाचणीने यांपैकी कोणते स्टील आहे ते कळतच नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, आणि तो आहे की नाही हे ओळखणारे रसायनाचे थेंब बाजारात मिळतात; मोठी खरेदी असेल तर स्टीलचे मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे स्टील बनवणाऱ्या कारखान्याचा तपासणी दाखला, मागावे. मिठाचा शाम्पू रात्रभर राहिल्यावर आमच्या भांड्याच्या जोडावर तपकिरी ठिपके उठले, तेव्हा भांडे वेल्डिंगवाल्याकडे नेले. त्याने तसलाच एक थेंब टाकला आणि हे ३१६ नसल्याचे लगेच सांगितले.

बिलाचे तर बोलायलाच नको. पैसे यूपीआयने एका खासगी व्यक्तीच्या खात्यात घेतले आणि ‘पक्के बिल कुरिअरने येईल’ असे सांगितले. ते आलेच नाही. कोटेशनवर पुण्याचा पत्ता आणि एक जीएसटी क्रमांक छापलेला होता. तो जीएसटीच्या पोर्टलवर शोधला तर तो कापडाच्या व्यापाऱ्याचा निघाला. हा शोध कोणालाही फुकट आणि दोन मिनिटांत घेता येतो. त्याने सांगितलेला आणखी एक खोटेपणा याहून घातक ठरू शकला असता, तो म्हणजे ‘घरगुती उद्योगाला परवाना लागत नाही’. विक्रीसाठी शाम्पू किंवा कंडिशनर करायचे असेल, तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार उत्पादनाचा परवाना घ्यावाच लागतो आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो.

सध्या आम्ही शाम्पूसाठी सावकाश फिरणारा, वरून दांडा सोडलेला साधा स्टरर वापरतो. कंडिशनरसाठी तेलाचा आणि पाण्याचा असे दोन्ही भाग ७० ते ७५ अंशांपर्यंत वेगवेगळे तापवून, उंच व अरुंद भांड्यात हँड ब्लेंडरने एकत्र करतो. ब्लेंडरचे डोके भांड्यात थोडे तिरके उतरवून आतली हवा आधी बाहेर जाऊ द्यायची आणि मग बटण दाबायचे, नाहीतर बुडबुडे अडकतात. नंतर मिश्रण थंड होईपर्यंत हळू ढवळत राहायचे आणि ते ४० अंशांखाली आले की सुगंध व प्रिझर्व्हेटिव्ह घालायचे. ही दोन्ही साधने मिळून त्या यंत्राच्या निम्म्याहूनही कमी किमतीत आली.

तक्रारीबद्दल एक शंका आम्हालाही होती, ती म्हणजे धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक म्हणून दाद मागता येते का. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूची खरेदी वगळतो, पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यातून सोडतो, आणि आमची तक्रार याच आधारावर जिल्हा आयोगात दाखल झाली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही आधी नोंद करता येते. विक्रेत्याने आता ‘१०,००० आरपीएम असे आम्ही कधी म्हटलेच नाही’ असा पवित्रा घेतला आहे. त्यामुळे तसल्या माहितीपत्रकाची छापील प्रत, स्टिकरखालच्या पट्टीचे छायाचित्र आणि पैसे दिल्याचा यूपीआय तपशील ज्या कोणाकडे असेल, त्यांनी तो जपून ठेवावा.