४२०० चा स्केटबोर्ड, आठ महिने वापरून: बोर्ड ठीक, चाकं नको

सुरुवातीलाच सांगते, मी काही भारी स्केटर वगैरे नाही. वय ३१, ऑली म्हणजे बोर्डासकट मारायची ती उडी, माझी अजून एका आडव्या विटेच्या वर जात नाही, आणि आईच्या मते हा "पैसे देऊन हाडं मोडून घ्यायचा" प्रकार आहे. पण बोर्ड घेऊन आठ महिने झाले, त्यात एक अख्खा पुण्याचा पावसाळा गेला आणि नऊ दिवस नेपाळ, म्हणजे मार त्याने भरपूर खाल्लाय. ऑनलाइन दिसतात ते रिव्ह्यू सगळे बॉक्स उघडल्या दिवशी लिहिलेले, "सुपर क्वालिटी, मुलगा खुश" टाइपचे, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

घेतला तो कम्प्लीट, म्हणजे डेक (उभी राहायची फळी), ट्रक (फळीखालचे धातूचे सांधे, ज्यांना चाकं लागतात), चाकं, बेअरिंग सगळं जोडलेलं. पुण्यातल्याच एका दुकानातून. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडं वाईट लिहिणारे आणि तो दादा माणूस म्हणून चांगलाय. डेक ८ इंच रुंद, सात थरांचं मेपल, चाकं ५२ एमएमची आणि कडकपणा ९९ए (आकडा जितका मोठा तितकं चाक कडक). मी त्याला स्पष्ट विचारलं होतं की मला कुठे ट्रिका मारायच्या नाहीयेत, सकाळी सोसायटीच्या रस्त्यावर आणि रविवारी जेएम रोडच्या रुंद फुटपाथवर फिरवायचाय, हा चालेल ना? तर म्हणे "मक्खन चालेल ताई."

मक्खन कसलं, दात वाजतात. छोटी आणि ९९ए इतकी कडक चाकं गुळगुळीत काँक्रीटसाठी असतात, स्केटपार्क, मार्बल, पॉलिश केलेली फरशी असं काहीतरी. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक. दर चार इंचाला एक फट, दोन मिनिटांत तळपाय बधिर, आवाज तर असा की वरच्या मजल्यावरच्या आजी बाल्कनीत येऊन कुठला टेम्पो आला बघायच्या. आणि बांधकामाची खडी एक जरी चाकाखाली आली की बोर्ड तिथेच थांबतो आणि आपण पुढे जातो. माझं कोपर तसंच गेलं, तीन टाके.

ट्रक मात्र खरंच चांगले निघाले. सुरुवातीला वळतच नव्हता, मला वाटलं खराब आहे, मग कळलं की किंगपिनचा, म्हणजे ट्रकच्या मधल्या मोठ्या बोल्टचा, नट फुल टाइट करून पाठवतात, तो थोडा सैल केला की झालं. त्यात एक गंमत आहे. या बोर्डाचे सगळे नट इंची मापाचे, चाकाचा नट अर्धा इंच, त्याला घरातला १३ चा पाना कसाबसा चालतो, पण किंगपिनचा ९/१६ आणि त्याला १४ चा पाना बसतच नाही, पाव मिलिमीटरसाठी अडतो. बाबांचा अ‍ॅडजस्टेबल पाना होता म्हणून वाचले. स्केट टूल बोर्डासोबत द्यायला काय जातं या लोकांचं?

बेअरिंग पहिल्याच पावसात गेली. यात चूक माझी पण आहे, ओल्या रस्त्यावर चालवायचाच नसतो, डेकला पण पाणी चालत नाही. पण आठच्या आठ गंजून जाम? दुकानात गेले तर दादा म्हणाला सेट मिळेल १२०० चा. मग कोणीतरी सांगितलं की स्केटबोर्डची बेअरिंग म्हणजे साधी ६०८, आतला व्यास ८ एमएम, बाहेरचा २२, जाडी ७, हीच छोट्या मोटरींमध्ये पण असतात. नाना पेठेत एका बेअरिंगवाल्याकडे गेले, काकांनी चष्म्यावरून बघितलं, नंबर विचारला आणि आठ नग कागदात बांधून दिले ३२० रुपयांत. कशासाठी विचारलं, सांगितलं, तर म्हणाले "पडू नका." सहा महिने झाले, मस्त फिरतात. मधेमधे पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक एक थेंब, बास.

आता नेपाळचं, कारण चाकांचा निकाल तिथे लागला. पुणे गोरखपूर ट्रेन, मग सोनौलीवरून बसने पोखरा. बोर्ड बॅगेला बांधलेला, बॉर्डरवर कोणी ढुंकूनही बघितलं नाही, ट्रेनमध्ये मात्र एका काकूंनी पोळपाट आहे का विचारलं. पोखऱ्यात अन्नपूर्णा स्केटपार्क आहे, काँक्रीटचा, फुकट, कोणीही या. मेक लाइफ स्केट लाइफ नावाची संस्था आहे, जगभरातून स्वयंसेवक गोळा करून असे पार्क बांधते, त्यांचं काम आहे ते. हीच लोकं २०१३ ला बंगळूरला होली स्टोक्ड नावाच्या तिथल्या स्केटर ग्रुपच्या पोरांबरोबर राबली होती, मग २०१४ ला जॉर्डनमध्ये अम्मानला, २०१५ ला म्यानमारमध्ये यांगूनला.

तर तिथे गेले आणि माझी तीच चाकं, ज्यांना मी सहा महिने शिव्या घातल्या, ती लोण्यासारखी चालली! अगदी दादा म्हणाला होता तस्संच मक्खन. म्हणजे माल खराब नव्हता, चुकीच्या गावाला विकला होता.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. मी गेले त्या दिवशी दहा बारा पोरं होती आणि बोर्ड चार. एक जण उतरला की दुसरा चढायचा, भांडण नाही काही नाही. एका पोराचा डेक शेपटीकडे इतका घासलेला की थर मोजता येत होते, चाकं दोन पांढरी दोन हिरवी, आणि तो त्यावर जे करत होता ते मला पुढच्या जन्मी जमेल. त्यांना प्रत्येक पार्टची माहिती, कारण मोडलं तर लगेच दुसरं मिळत नाही, कोणी परदेशी पाहुणा जाताना सोडून गेला तरच. एक साधारण बारा वर्षांची मुलगी माझा बोर्ड उलटा करून बघत होती, बुशिंग, म्हणजे ट्रकमधलं रबरासारखं कडं, दाबून बघितलं, आणि मला ड्रॉप इन, म्हणजे उताराच्या काठावरून बोर्डासकट खाली सुटणं, शिकवताना सारखी म्हणायची "बिस्तारै दिदी, बिस्तारै." मला वाटलं विस्ताराने काहीतरी, म्हणजे पाय फाकव म्हणतेय. मी फाकवले आणि पडले. बिस्तारै म्हणजे हळू.

आपल्याकडे उलटं आहे बघा. पुण्यात बोर्ड पाहिजे तेवढे, ऑनलाइन दोन दिवसांत दारात, पण चालवायचा कुठे? रिंक आहेत, तिथे क्वाड आणि इनलाइन, म्हणजे पायात घालायच्या स्केटवाल्या पोरांच्या बॅचेस, सर म्हणाले "बोर्ड नको, ट्रॅक खराब होतो." मॉलबाहेर ग्रॅनाइट दिसलं की हात शिवशिवतात पण वॉचमन काका आधीच उठलेले असतात. चीनमध्ये शेन्झेनला तसल्याच मार्बलच्या मोठमोठ्या चौकांसाठी जगभरचे प्रो स्केटर व्हिडिओ शूट करायला जातात, शांघायला तर २००५ मध्येच तेव्हाचा जगातला सगळ्यात मोठा स्केटपार्क झाला. बरं ते श्रीमंत देश म्हणून सोडा, काबूलचं बघा. स्केटिस्तान, म्हणजे पोरांना स्केटबोर्ड शिकवणारी संस्था, सुरू झालं २००७ मध्ये, ऑलिव्हर पर्कोविच नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस बोर्ड घेऊन गेला आणि पोरं जमायची कुठे, तर मेक्रोयान भागात एका कोरड्या पडलेल्या जुन्या कारंज्यात. मुलींना सायकल चालवायची तेव्हा बंदी, पण स्केटबोर्ड काय असतो हेच कोणाला माहीत नव्हतं त्यामुळे त्यावर बंदी घालायचं कोणाला सुचलंच नाही, म्हणून मुली चालवायला लागल्या. कॅलिफोर्नियात पण १९७० च्या दशकात दुष्काळात रिकाम्या पडलेल्या स्विमिंग पुलांतूनच हे सगळं पुढे गेलं म्हणतात. बंद पडलेली कारंजी हा निकष असेल तर पुण्याने आत्तापर्यंत ऑलिम्पिक मेडल आणायला हवं होतं.

आणि टॅलेंट नाही असं पण नाही हां. २०२२ च्या गुजरातच्या नॅशनल गेम्समध्ये स्केटबोर्डिंगचं गोल्ड आपल्या महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने आणलंय.

असो, रिव्ह्यू राहिला बाजूला. परत आल्यावर मी चाकं बदलली, ५८ एमएम आणि ७८ए, मऊ, १४०० रुपये. मोठी चाकं लावली की वळताना डेकला घासतात आणि बोर्ड एकदम ब्रेक मारतो, त्यामुळे डेक आणि ट्रकच्या मधे रायझर पॅड म्हणजे जाड पट्ट्या टाकायच्या, पाव इंच सुद्धा नाही, त्याच्या अर्धा, ते दादाने फुकट दिले, आणि लावून पण दिले, वर चाकांबद्दल ऐकून घेतलं तोंड पाडून. म्हणाला, "ताई, कंपनीकडून कम्प्लीट तसेच येतात, गिऱ्हाईक विचारत नाही." अरे मी विचारलं होतं की! पण म्हटलं जाऊ दे. आता जेएम रोडवर खरंच फिरता येतं, खडी आली तरी चाक वरून जातं, आणि वरच्या आजी बाल्कनीत येत नाहीत.

तर हिशोब: ४२०० अधिक ३२० अधिक १४००, म्हणजे ५९२०. तेवढ्यात सुट्टे पार्ट घेऊन पहिल्यापासून स्वतःच्या रस्त्याला बसेल असा बोर्ड जोडता आला असता. ट्रिका शिकायच्यात आणि गुळगुळीत जागा हाताशी आहे तर हा बोर्ड डोळे झाकून घ्या, डेकला अजून चीर नाही, पॉप, म्हणजे शेपटी आपटल्यावरची उसळी, पण आहे. फुटपाथवर फिरायला हवा असेल तर चाकं आधी बदलून मागा आणि मगच पैसे द्या. लहान मुलांसाठी त्या खेळण्याच्या दुकानातल्या प्लॅस्टिक ट्रकवाल्या ९०० च्या बोर्डापेक्षा हा दहापट बरा, तो वळतच नाही आणि पोरगं दोन दिवसांत नाद सोडतं. ग्रिपटेप, म्हणजे डेकवरची खरखरीत पट्टी, कडेने सुटते, लायटरने जरा गरम करून दाबली की बसते.

माझ्याकडून बोर्डाला पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या रायझर पॅडचा.

जुनी ५२ ची चाकं घरी पडून आहेत, चारही चांगली. कोणाकडे गच्चीवर घोटलेला कोबा असेल, पॅराफिट उंच असेल आणि आई ओरडत नसेल तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत, फक्त मला एकदा तिथे चालवू द्या.