दोन भावंडांची एक खोली: गोव्याच्या हवेत काय घ्यावं, काय टाळावं

दोन लहान भावंडांना एक खोली द्यायची ठरली की घरात पहिली चर्चा भिंतीच्या रंगाची होते. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी व्हायला हवी. आधी पलंग, मग गादी, मग सामानाची सोय, आणि एवढं होऊन पैसे उरले तर रंग आणि सजावट. गोव्यात हा क्रम पाळणं जास्तच गरजेचं आहे. इथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कोरड्या हवेच्या गावात दहा वर्षं टिकणारी वस्तू इथे दुसऱ्या पावसाळ्यातच फुगते, गंजते किंवा तिच्यावर बुरशी धरते.

खालची तुलना करताना मी १० बाय १० फुटांची खोली, तीन ते नऊ या वयातली दोन मुलं आणि पलंग-गाद्या धरून तीस हजारांच्या आतबाहेरचं बजेट डोळ्यांसमोर ठेवलं आहे. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारले आहेत: पावसाळा सोसेल का? आणि मुलं मोठी झाल्यावर ती दोघांत वेगळी करता येईल का?

बंक बेड की दोन सुटे पलंग?

खरा निर्णय इथेच आहे, म्हणून यावर जरा सविस्तर बोलू.

बंक बेड मुलांना हवाच असतो. शिडी, वरचा मजला, खाली गुहा करून खेळायची सोय. आईबाबांनाही तो पटतो, कारण एका पलंगाच्या जागेत दोन मुलं झोपतात. धातूचा साधा बंक बेड साधारण १२ ते २० हजारांत येतो आणि लाकडी घ्यायचा तर त्याहून बराच वर जातो. जागेचा हिशेब कागदावर बिनतोड दिसतो.

पण छताकडे बघा. आपल्याकडे फ्लॅटच्या खोलीची उंची बहुधा ९ ते १० फूट असते आणि मधोमध पंखा. ९ फुटी खोलीत पंख्याची पाती जमिनीपासून साधारण ८ फुटांवर येतात. बंक बेडच्या वरच्या गादीचा पृष्ठभाग साडेचार-पाच फुटांवर असतो. त्यावर साडेतीन फुटांचं मूल उभं राहिलं की डोकं थेट पात्यांच्या उंचीला. आता आडवं माप घ्या. १० फुटी खोलीत पंखा भिंतीपासून ५ फुटांवर असतो. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून २ फूट पुढे येतं, म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून ३ फुटांवर. पलंगाची रुंदीही ३ फूटच. वरच्या पलंगावरून मुलाने हात बाहेर काढला तरी तो फिरत्या पात्यात जाऊ शकतो. बंक बेडची चित्रं बहुतेक करून छताला पंखा नसलेल्या खोल्यांची असतात, म्हणून हा धोका तिथे दिसत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा सल्ला स्पष्ट आहे: सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये. वरचा कठडा गादीच्या पृष्ठभागापासून किमान ५ इंच वर यायला हवा आणि कठड्यातल्या फटी साडेतीन इंचांहून मोठ्या नकोत, कारण त्यातून लहान मुलाचं अंग सरकतं आणि डोकं अडकतं. आपल्याकडे होतं असं, की बंक बेडसोबत पातळ गादी सुचवलेली असते आणि आपण मुलांना मऊ लागावं म्हणून ६ इंची गादी घालतो. तेवढाच कठडा कमी होतो.

तिसरं, उकाडा. एप्रिल-मेमध्ये छताजवळची गरम हवा वरच्या मुलाच्या वाट्याला येते आणि वरचा पलंग आड आल्याने खालच्या मुलाला पंख्याचा वारा लागत नाही. मच्छरदाणी दोन्हीकडे नीट बांधणं कठीण. डेंगीचे दिवस असतात तेव्हा ही गैरसोय किरकोळ राहत नाही. आणि वरच्या पलंगावरची चादर बदलणं हे काम एकदा करून पाहा, म्हणजे ते रोज कोण करणार याचा विचार आपोआप होईल.

दोन सुटे पलंग जास्त जागा घेतात हे खरं, पण वाटते तेवढी नाही. ६ फूट ३ इंच लांब आणि ३ फूट रुंद असा एक पलंग एका भिंतीला लावा आणि दुसरा लगतच्या भिंतीला, काटकोनात. दोन्ही मिळून एका बाजूला सव्वानऊ फूट लागतात, सांगाड्याची जाडी धरली तर साडेनऊ. १० फुटांत ते बसतं, आणि समोरच्या कोपऱ्यात मुलांना जमिनीवर खेळायला मोकळी जागा उरते. फक्त दार त्या मोकळ्या कोपऱ्याच्या बाजूला उघडत असलं पाहिजे. चवथीला पाहुणे आले की हेच दोन पलंग जोडून ६ फुटी होतात आणि आजी दोन्ही नातवंडांना घेऊन झोपू शकते. पुढे मुलं वेगळ्या खोल्यांत गेली तर प्रत्येकाचा पलंग त्याच्यासोबत जातो. बंक बेडचं तसं होत नाही. काही बंक बेड सुटे करून दोन पलंग होतात. घ्यायचाच असेल तर तसाच घ्या.

माझा कौल सुट्या पलंगांना. अपवाद दोन. जुन्या कौलारू घरात छत खूप उंच असेल आणि धाकटं मूल सहाच्या पुढे गेलं असेल, तर बंक बेड चालेल. किंवा खोली ८ फुटांहून अरुंद असेल आणि छताचा पंखा काढून भिंतीवरचा पंखा बसवायची तुमची तयारी असेल, तर. पंख्याचा खर्च मात्र बंक बेडच्याच किमतीत धरा.

खालून ओढायचा पलंग आणि जमिनीवरच्या गाद्या

एका पलंगाच्या पोटात दुसरा, रात्री बाहेर ओढायचा, हा मधला मार्ग दुकानात आकर्षक वाटतो. दिवसा जागा खरंच मोकळी राहते. पण खालची गादी दिवसभर फरशीलगत, बिनवाऱ्याची बंद असते. जुलैत ती बाहेर काढली की कुबट वास येतो आणि काही दिवसांत काळे ठिपके दिसू लागतात. तळमजल्यावर राहत असाल तर हा पर्याय सोडूनच द्या. त्याच पोकळीत चाकांचे दोन खण करून खेळणी आणि चादरी ठेवल्या तर जागेचा अधिक उपयोग होतो.

जमिनीवर गाद्या हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि तीन वर्षांखालच्या मुलासाठी चांगलाही, कारण पडण्याची भीती नाही. अट एकच, सकाळी गाद्या उचलून उभ्या करायच्या. पावसाळ्यात फरशीला ओल सुटते, आणि सत्तरी-सांग्याकडच्या रानालगतच्या घरांत घोणी आणि विंचवांचाही विचार करावा लागतो. वरच्या मजल्यावर, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, मुलं अजून लहान असताना तात्पुरती सोय म्हणून मला हा पर्याय मान्य आहे.

लाकूड, प्लाय, पार्टिकल बोर्ड की लोखंड?

ऑनलाइन स्वस्त मिळणारे बहुतेक पलंग आणि कपाटं पार्टिकल बोर्डची किंवा एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डची, असतात. वरचा गुळगुळीत थर जिथे कापला किंवा भोक पाडलं तिथून ओल आत शिरते, बोर्ड फुगतो आणि स्क्रूची पकड सुटते. मुलं पलंगावर उड्या मारणारच. सैल झालेल्या स्क्रूवर त्या उड्या धोक्याच्या. किंमत कितीही मोहात पाडो, पलंगासाठी हे साहित्य घेऊ नका. भिंतीवरच्या एखाद्या हलक्या फळीला चालेल.

प्लाय घेणार असाल तर त्यावरचा शिक्का पाहा. आयएस ३०३ या भारतीय मानकात दोन प्रती येतात: एमआर म्हणजे ओलावा थोडाफार सोसणारा आणि बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा. गोव्यात किमान बीडब्ल्यूआर हवा. आयएस ७१०, म्हणजे मरिन प्लाय, पलंगाला लागत नाही. तो पैसा गादीवर घाला.

लोखंडी पलंग स्वस्त, त्याला वाळवी नाही, हलवायला सोपा. फोंडा, डिचोली, वाळपई अशा आतल्या भागात तो बरीच वर्षं चांगला राहतो. कळंगुट, मोरजी, कोलवा अशा समुद्रालगतच्या गावांत खारी हवा वेल्डिंगच्या सांध्यांना आणि स्क्रूच्या डोक्यांखाली आधी धरते. घेताना पावडर कोटिंग सांध्यावरही पूर्ण आहे का हे बोट फिरवून पाहा.

सगळ्यात किफायतशीर मला वाटतो तो ओळखीच्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, करून घेतलेला साधा लाकडी पलंग, किंवा कुणी घर बदलताना काढलेला जुना सागवानी. जुन्यात दोन तपासण्या मात्र चुकवू नका. लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली ताजा भुगा दिसला तर आत किडा जिवंत आहे, सोडून द्या. आणि पलंग ऑइल पेंटने रंगवलेला असेल तर तो रंग कधीचा आहे ते विचारा. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा केंद्राचा नियम २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच जास्त असू शकतं. दात येणारी मुलं पलंगाची कड चावतात, आणि असा रंग सुका घासला की त्याची धूळ नाकातोंडात जाते. जुना रंगवलेला पलंग मुलांसाठी नकोच. पॉलिशचा असेल तर जरूर घ्या.

गादी

कापसाची गादी मुलांना ऊबदार वाटते, पण पावसात ओल धरते आणि जड होते. मेच्या उन्हात तिला नीट तापवायला अंगण किंवा गच्ची असेल तरच घ्या. फोमची हलकी असते, मात्र अंगाखाली गरम लागते. काथ्याची ४ इंची गादी मी पहिली मानते: घट्ट आहे, हवा खेळते, लहान मुलांच्या पाठीला बरी. तिच्याखाली सलग प्लाय नको, पट्ट्यांचा तळ हवा, नाहीतर खालून बुरशी येते. सलग प्लाय आधीच असेल तर मेस्ताकडून त्याला भोकं पाडून घ्या. धाकटं अजून रात्री अंथरूण ओलं करत असेल तर जलरोधक कव्हर गादीबरोबरच घ्या, कारण जुलैत धुतलेली गादी वाळत नाही.

कपाट की खण?

लोखंडी कपाट एकच, तेही दोघांत, आणि प्लास्टिकचे खण प्रत्येकाला वेगळे, अशी तुलना केली तर मी खणांच्या बाजूने आहे. गंज नाही, वाळवी नाही, आणि पाच वर्षांचं मूलही आपला खण स्वतः उघडून कपडे काढतं. भांडणंही कमी होतात, कारण कोणाचं काय हे ठरलेलं असतं. वजनदार वस्तू खालच्या खणात ठेवा आणि उंच खण भिंतीला बांधून टाका, वरचे सगळे खण एकदम उघडले की ते पुढे कलंडतात. कपाटाचंही तेच.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वेताच्या आणि बांबूच्या टोपल्या सुंदर मिळतात. खेळण्यांसाठी त्या घ्यायचा मोह होतो. पावसाळ्यात त्यांच्यावर पांढरी बुरशी येते, म्हणून त्या चार महिन्यांत वाऱ्याशी ठेवता येत असतील तरच घ्या, नाहीतर प्लास्टिकचे टब.

भिंती

वॉलपेपर की रंग, यात गोव्यात फारसं ठरवण्यासारखं नाही. नैर्ऋत्येचा पाऊस झोडपतो त्या बाजूची भिंत चिऱ्याची असो वा विटांची, ती ओल ओढते, आणि वॉलपेपर कडेने सुटतो. मागे बुरशी वाढत राहते आणि मुलांच्या खोकल्याचं कारण कळत नाही. आधी बाहेरून गळती बंद करा, मग आतून धुता येणारा इमल्शन लावा. डिस्टेंपर स्वस्त, पण हाताला लागतो आणि पुसला की निघतो.

चारही भिंती रंगवायची गरज नाही. इमल्शनचे दोन हात धरून एका लिटरमध्ये साधारण १०० चौरस फूट होतात, म्हणजे १० बाय १० ची एक भिंत. प्रत्येक पलंगामागे त्या मुलाने निवडलेला रंग, बाकी पांढरं. कार्टूनची स्टिकर्स भिंतीऐवजी खणांवर लावू द्या. आवड बदलली की खण पुसून निघतो, भिंतीचा रंग मात्र पोपडा होऊन येतो. याशिवाय प्रत्येकाला उशाशी एक चिमट्याचा एलईडी दिवा द्या. थोरल्याला वाचायचं असतं तेव्हा धाकट्याला झोपायचं असतं, आणि या एका गोष्टीने खोलीत सगळ्यात जास्त शांतता येते.

रंगकाम दिवाळीनंतर ते मे या काळातच करा. पाऊस थांबला तरी भिंत आतून सुकायला वेळ लागतो.

भाड्याच्या घरात असाल तर

भिंतीला भोकं पाडायला मालक परवानगी देत नसेल तर रंगाचा आणि फळ्यांचा खर्च पूर्ण वगळा, आणि तो पैसा पलंग-गाद्यांत घाला, त्या तुमच्याबरोबर येतील. उंच वस्तू बांधता येणार नाहीत, म्हणून सगळं सामान कमरेच्या खालच्या उंचीचं घ्या. दोघांमधला आडपडदा हवा असेल तर मेस्ताला पलंगाच्याच चार कोपऱ्यांना दांडे बसवायला सांगा; त्यांवर दिवसा पडदा आणि रात्री मच्छरदाणी दोन्ही टांगता येतात. पलंगाचा सांगाडा नट-बोल्टने सुटा होणारा करून घ्या, आणि मापं देताना खोलीबरोबर दाराची रुंदी आणि जिन्याचं वळणही मोजा. जुन्या घरांच्या अरुंद जिन्यात सव्वासहा फुटांचा जोडलेला पलंग वळत नाही.