पॉडचं मशीन पाणी ओढेना: व्हिनेगर की लिंबूसत्व?

बटण दाबलं की मशीन गुरगुरतं, दिवा लागतो आणि कपात काही पडत नाही. पडलंच तर चार घोट, तेही फुरफुरत. कॉफीच्या पुडीची छोटी बंद डबी, म्हणजे पॉड, घालून एका वेळी एकच कप कॉफी काढणारं मशीन ज्यांच्याकडे आहे, त्यांना हा आवाज समजावून सांगायला नको. मग प्रश्न येतो तो आत साचलेले क्षार काढायला टाकीत काय ओतायचं याचा: व्हिनेगर, की लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड? मी दोन्ही ओतून पाहिली आहेत. पण एकाच मशीनवर आणि एकाच घरात, तेव्हा माझं म्हणणं त्या बेतानंच घ्या.

मुळात जे मशीन पाणी ओढत नाही ते व्हिनेगरही ओढणार नाही. पहिल्या वेळी हे माझ्या लक्षात आलं नाही आणि अर्धा दिवस वाया गेला. त्या वेळी आबा आमच्याकडे आले होते. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून आवाज ऐकला आणि म्हणाले, "मोटारीनं हवा धरलीय रे." विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरली की पंपात वरून पाणी भरून ती सुरू करायची, यात त्यांची हयात गेली. इथेही तेच करायचं होतं. मशीनचा प्लग काढला, टाकी उचलली. टाकीच्या बुडाशी एक स्प्रिंगची झडप असते, ती बोटानं दाबून मोकळी केली. टाकी जिथे बसते तिथल्या भोकात, मुलाच्या औषधाबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या सिरिंजनं कोमट पाणी हळूहळू सोडलं. दोन-तीन बुडबुडे वर आले. टाकी परत बसवून पॉड न घालता मशीन चालवलं, आणि तिसऱ्या खेपेला धार लागली. कोळशाचा फिल्टर नुकताच बदलला असेल तर तोही काढून बघा. कोरडा बसवला तर तोच हवा धरून ठेवतो.

काहींचं काम एवढ्यावर भागेल. आमचं भागलं नाही, कारण आमचं पाणी. आम्ही राहतो त्या टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचं बरंचसं पाणी एडवर्ड्स ॲक्विफर या चुनखडीतल्या भूजलसाठ्यातून येतं. त्याचा जडपणा, म्हणजे त्यातल्या क्षारांचं प्रमाण, गॅलनला 15 ते 20 ग्रेन, म्हणजे लिटरला साधारण 250 ते 340 मिलिग्रॅम. 180 च्या वर गेलं की ते फार जड पाणी समजतात. ज्यांच्याकडे बोअरच्या पाण्यावर गिझर चालतो, त्यांनी कॉईलवरचं पांढरं कवच पाहिलंच असेल. मशीनच्या नळीत आणि बॉयलरमध्ये तेच बसतं. नळी बारीक असल्यामुळे लवकर बुजते, आणि सुटलेला खपला झडपेत अडकला की पुन्हा हवा.

व्हिनेगरच्या बाजूनं बोलायला पुष्कळ आहे. ते घरात असतंच, स्वस्त आहे, आणि 5 टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळलं की काम होतं. शिवाय क्षार विरघळल्यावर तयार होणारा पदार्थ पाण्यात सहज वाहून जातो, मागे गाळ राहत नाही. स्वच्छतेपुरतं पाहिलं तर मला त्यात काही उणं दिसलं नाही. काही कंपन्या मात्र पुस्तिकेत व्हिनेगरला स्पष्ट मनाई करतात. तुमच्या पुस्तिकेत तसं असेल तर विषय तिथेच संपला.

माझा निर्णय झाला तो वासामुळे. आबा कपात आधी गरम दूध घेतात आणि कॉफी त्यावर पडू देतात. मी दोन टाक्या साधं पाणी फिरवून निश्चिंत झालो होतो. पहिल्याच सकाळी कपातलं दूध फाटलं. आणखी चार टाक्या फिरवल्या. दूध फाटायचं थांबलं, पण कप नाकाजवळ नेला की लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडल्यासारखं वाटे. रबरी नळ्या आणि सील वास धरून ठेवत असावेत, असा माझा अंदाज. आठवडाभर तो गेला नाही. आबा तक्रार करणाऱ्यांतले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच गॅसवर चहाचं आधण ठेवलं. मला ते फार लागलं. सहा महिन्यांसाठी आलेला माणूस, त्याला सकाळचा एक कप धड मिळू नये?

पुढच्या वेळी इंडियन ग्रोसरीतून ढोकळ्यासाठी घेतात ती सायट्रिक ॲसिडची पुडी आणली. एका लिटर कोमट पाण्यात 30 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. कोळशाचा फिल्टर काढून ठेवायचा, अर्धी टाकी चालवायची, अर्धा तास थांबायचं, मग उरलेली. पहिल्या कपातच करड्या खपल्या आल्या. नंतर दोन टाक्या पाणी फिरवलं, आणि त्याच संध्याकाळची कॉफी कॉफीसारखी लागली.

यातही एक खोड आहे, ती लपवत नाही. घट्ट द्रावण जड पाण्यात फार तापलं तर कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ धरतो. म्हणून माप दुप्पट करू नये, रात्रभर मुरत ठेवू नये, आणि मिळालं तर फिल्टरचं पाणी वापरावं. शिवाय लिंबूसत्वाला वास नाही, त्यामुळे ते पुरतं धुऊन निघालं की नाही हे नाक सांगत नाही. मी शेवटच्या कपातलं पाणी चाखून बघतो. जरा आंबट लागलं तर अजून एक टाकी. दोन्हींपैकी काहीही वापरा, ब्लीच मात्र त्याच्या जवळपासही आणू नका, विषारी वायू सुटतो. बाजारातली तयार द्रावणंही पाहिली. त्यांतली बरीचशी सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्लाचीच असतात. मशीन वॉरंटीत असेल तर ती घ्यावीत.

तुमचं पाणी मऊ असेल, कॉफी काळी पीत असाल आणि रात्री अकरा वाजता मशीन अडलं असेल, तर कपाटातलं व्हिनेगर वापरायला हरकत नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि सहा टाक्या पाण्याची तयारी ठेवा. दुधाची कॉफी पिणारं कोणी घरात असेल तर मी पुडीच आणीन. आमच्याकडे ती सिरिंजशेजारी डब्यात असते. दर दीड महिन्यानं शनिवारी रात्री मशीन धुतो, आणि रविवारी पहिला कप दुधावर काढून बघतो.