पावसाळी सह्याद्रीसाठी पहिला फिल्टर: सीपीएल की एनडी?

धबधब्याचं पाणी रेशमी दिसायला हवं, म्हणजे एनडीच (न्यूट्रल डेन्सिटी, उजेड कमी करून शटर जास्त वेळ उघडं ठेवू देणारा गडद फिल्टर) घ्यावा लागणार, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. एकाच चांगल्या फिल्टरचं बजेट असेल, तर आमचं मत उलट आहे: आधी सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर, चकाकी अडवणारा ध्रुवक फिल्टर).

एनडी ही नुसती काळी काच. सगळा उजेड ती सारखाच कमी करते. सीपीएल निवडून अडवतो. ओल्या पानांवर आणि कातळावर जी पांढरी चकाकी दिसते, तिचा बराच भाग ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाचा असतो. फिल्टरची पुढची रिंग सावकाश फिरवली की ती चकाकी विरते आणि खालचा हिरवा, काळा रंग उघडा पडतो. हे ढगाळ दिवशीही होतं; ‘ऊन नाही, मग सीपीएल कशाला?’ हा मोठा गैरसमज आहे. डोहाचा तळ दाखवायचा असेल, तर पाण्याच्या पृष्ठभागाशी ३५ ते ४० अंशांच्या कोनातून बघा, तिथे परिणाम सर्वाधिक. धातूवरची चकाकी मात्र सहसा जात नाही.

आता शटरचा हिशोब. झाडीतल्या ओढ्यावर ढगाळ दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ ११ (लेन्सच्या छिद्राचं माप) ला १/१५ सेकंद मिळतंय असं धरू. सीपीएल साधारण दीड स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे १/५ सेकंद. एनडी ८ (उजेड आठ पटींनी कमी) लावला तर १/२, एनडी ६४ ला ४ सेकंद, एनडी १००० ला मिनिटभराहून थोडं जास्त. धारांचे पदर दिसत राहावेत असं वाटत असेल, तर १/५ ते १ सेकंद पुरे. त्यापुढे पाण्याचा कापूस होतो आणि वाऱ्याने हलणाऱ्या फांद्याही पुसट होतात. म्हणजे ओढ्यावर सीपीएल एकटा बरंचसं काम भागवतो, अर्थात ट्रायपॉडवर. कोकणातल्या भर उन्हातल्या समुद्राला मात्र तो पुरत नाही. तिथे एनडी ६४ किंवा त्याहून गडदच हवा.

शिवाय एनडीची नक्कल नंतर संगणकावर करता येते. ट्रायपॉड न हलवता १/५ सेकंदाचे १६ फोटो घ्या आणि त्यांची सरासरी काढा, पाणी तीनेक सेकंदांच्या एक्स्पोजरइतकं मऊ दिसेल. चकाकीखाली जो रंग कॅमेऱ्यात उतरलाच नाही, तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

सीपीएलच्याही खोडी आहेत. ऑक्टोबरच्या निळ्या आकाशात, १६-१८ मिमीच्या वाइड लेन्सवर, सूर्यापासून ९० अंशांवरचा पट्टा गडद होतो आणि कडा फिक्या राहतात. तिथे रिंग अर्ध्यावरच थांबवा. इंद्रधनुष्य टिपताना रिंग चुकीच्या जागी असेल, तर ते जवळजवळ गायब होतं. कासच्या फुलांवर वारा असतो; दीड स्टॉप गेल्यामुळे तोच शटर ठेवायला आयएसओ ४०० ऐवजी ११०० च्या आसपास न्यावा लागतो. रिंग नेहमी फिल्टर घट्ट होण्याच्या दिशेनेच फिरवा, नाहीतर दरीच्या काठावर फिल्टर हातात येईल. हातात आला तर बरं म्हणायचं.

एनडी १००० घेतलाच, तर फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका, मगच फिल्टर चढवा. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका, मागून उजेड शिरतो. स्वस्त काचांवर लालसर झाक येते, कारण त्या अवरक्त किरण नीट अडवत नाहीत. व्हेरिएबल एनडीच्या वाट्याला फोटोसाठी जाऊ नका. तो म्हणजे दोन ध्रुवक एकावर एक. वाइड लेन्सवर गडद बाजूला फिरवला की फ्रेममध्ये काळी फुली उमटते.

माप सर्वांत मोठ्या लेन्सचं घ्या, समजा ७७ मिमी, आणि ६७ च्या लेन्सला स्टेप-अप रिंग लावा. अशा वेळी त्या लेन्सचा हुड बसत नाही आणि भुरभुर सरळ काचेवर येते. म्हणून पाणी न धरणाऱ्या कोटिंगवर चार पैसे जास्त गेले तरी चालतील. कोरडी मायक्रोफायबर फडकी दोन ठेवा, पहिलं अर्ध्या तासात ओलं होतं.